मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर: दुखणं, पहिली शौच आणि पुढचे सहा आठवडे

ऑपरेशन व्यवस्थित झालेलं असतं, जखम स्वच्छ असते, तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंट घामाघूम होऊन ड्रेसिंगच्या खोलीत येतो. विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. पहिल्या दिवशी दुखत नव्हतं म्हणून गोळी घेतली नाही. शौचाला जायची भीती म्हणून जेवला नाही. पोट साफ होईना म्हणून चौथ्या दिवशी दुकानातलं कडक चूर्ण आणलं. उपाय सगळे केले, पण उलट्या क्रमानं केले.

कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत मूळव्याधीबद्दल घरात उघड बोलत नाहीत. त्यामुळे सल्ला मिळतो तो पारावरचा, तालमीतला किंवा औषध दुकानाच्या काउंटरवरचा. एक नर्स म्हणून रोज जे पुन्हापुन्हा सांगावं लागतं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. सगळ्याचा गाभा एकच: दुखण्याच्या आधी गोळी, शौचाच्या आधी मऊपणा, शौचानंतर लगेच कोमट पाणी. हा क्रम सांभाळला तर पहिला आठवडा सोसण्याजोगा जातो.

तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. तुमची जखम त्यांनी पाहिली आहे.

आधी हे ठरवा: तुमचं नेमकं काय झालं आहे?

"मूळव्याधीचं ऑपरेशन" या एका नावाखाली चार-पाच वेगळे प्रकार येतात आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. शेजारच्याला दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून तुम्हालाही वाटेल असं नाही.

रबर बँड लावला असेल तर एक-दोन दिवस जडपणा आणि शौचाला आल्यासारखी भावना राहते. साधारण पाच ते दहा दिवसांत तो मोड बँडसकट गळून पडतो, तेव्हा थोडं रक्त दिसतं. लेसर किंवा स्टेपलरनंतर बहुतेक लोक आठवडाभरात हलक्या कामाला लागतात. मोड कापून काढले असतील, म्हणजे उघडं ऑपरेशन झालं असेल, तर दुखणं सगळ्यात जास्त. पहिला आठवडा अवघड, दोन ते चार आठवडे विश्रांती, आणि जखम पूर्ण भरायला सहा आठवडे, कधी आठही. हा लेख मुख्यतः या शेवटच्या प्रकाराला धरून आहे. इतरांनी त्यातलं हलकं रूप पाळावं.

तपासा: डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव वाचून घ्या. समजत नसेल तर घरी जाण्याआधी विचारा, "मोड कापलेत का, बँड लावलाय, की स्टेपलर?" आत गॉज किंवा बोळा ठेवला आहे का आणि तो कोण, कधी काढणार, हेही त्याच वेळी विचारा. घरी गेल्यावर शौचाबरोबर कापडासारखं काही बाहेर आलं की लोक घाबरून जातात.

पहिला टप्पा: ऑपरेशनच्या आधीचा आठवडा

बहुतेकांचा हाच टप्पा सुटतो. तारीख ठरते, पैशांची सोय होते, रजा मिळते, पण पोटाची तयारी कुणी करत नाही.

1. पोट आधीपासून मऊ ठेवा. ऑपरेशनच्या दिवशी आतड्यात आठवड्याचा कडक मळ असेल तर नंतर काहीही घेतलं तरी तोच आधी बाहेर येणार. डॉक्टरांना विचारून इसबगोल आधीपासूनच सुरू करा.

2. रोजच्या सगळ्या गोळ्या दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, कधी थांबवायच्या आणि कधी परत सुरू करायच्या हे लिहून घ्या. हृदयात स्टेंट असेल तर त्या स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा पूर्वीचा अल्सर असेल तर आवर्जून सांगा, कारण वेदनाशामक गोळी त्यावरूनच ठरते. लोहाच्या गोळ्यांनी मळ घट्ट होतो. त्या चालू असतील तर तेही सांगा.

3. संडासाची सोय बघा. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि गावाकडे बैठा संडास असतो. उघड्या ऑपरेशननंतर पहिले काही दिवस त्यावर बसणं-उठणं फार जड जातं. कमोडची खुर्ची सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही. ती आधीच घरी आणून ठेवा. पाय ठेवायला वीतभर उंचीचा प्लॅस्टिकचा स्टूल किंवा पाट लागेल.

4. सामान: बसता येईल असा रुंद टब किंवा कमोडवर बसणारं सिट्झ बाथचं (कोमट पाण्यात बसायचं) भांडं, गॉजचे पॅड किंवा सॅनिटरी पॅड, सुती अंतर्वस्त्रं, मऊ सुती कापडाचे तुकडे, थर्मामीटर, इसबगोल आणि डॉक्टरांनी लिहिलेलं मळ मऊ करणारं पातळ औषध. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, त्याचे तंतू चिकटतात.

5. घरातल्या एका माणसाला सगळं सांगून ठेवा. बायको, भाऊ, मुलगा, कुणीही. हा मुद्दा सामानापेक्षा महत्त्वाचा आहे. रात्री दोन वाजता रक्त येऊ लागलं आणि घरात कुणाला काहीच माहीत नसलं, तर लाजेपायी तासभर वाया जातो. बायका तर हे दुखणं सासरी वर्षानुवर्षं लपवतात. बाईंनो, निदान एकीला तरी विश्वासात घ्या.

राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड अशा लांबच्या तालुक्यांतून ऑपरेशनला येत असाल आणि शहरात पाहुणे असतील, तर पहिले दोन दिवस त्यांच्याकडे राहा. लगेच घाटातून, खड्ड्यांतून प्रवास कशाला?

दुसरा टप्पा: ऑपरेशनचा दिवस आणि पहिली रात्र

कमरेतून दिलेल्या भुलीचा असर काही तास टिकतो. त्या वेळात काहीच दुखत नाही, आणि "एवढंच होतं होय!" असं वाटतं. इथेच पहिली चूक होते. भूल उतरायला लागली की ठणका एकदम येतो, आणि तो चढल्यावर घेतलेल्या गोळीला तो आवरायला वेळ लागतो. म्हणून पायात संवेदना परतायला लागली की सिस्टरना सांगा आणि लिहिलेलं औषध वेळेवर घ्या, दुखत नसलं तरी.

पायांत पूर्ण ताकद येईपर्यंत एकट्यानं उठू नका. बधिर भागावर गरम पिशवी ठेवू नका. भाजलेलं कळत नाही. सूज कमी करायला बर्फ वापरायला सांगितलं असेल तर तो कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटंच ठेवा.

तपासा: सहा ते आठ तासांत लघवी झाली का? ऑपरेशननंतर लघवी अडकणं बरंच दिसतं, पुरुषांत आणि वयस्कर माणसांत विशेष. ओटीपोट फुगलंय, कळ येतेय, पण धार सुटत नाही, असं असेल तर सकाळची वाट पाहू नका, लगेच सांगा. एका दमात तांब्याभर पाणी पिऊन जोर लावणं हा उपाय नाही.

सावध: उठून बसल्यावर डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं पुढच्या दिवसांत झालं तर ते कमरेच्या भुलीमुळे असू शकतं. डॉक्टरांना कळवा.

घरी जाताना गोळी घेऊन निघा आणि गाडीच्या मागच्या सीटवर कुशीवर झोपून जा. मोटारसायकलवर मागे बसून नको, केएमटी (शहर बस) किंवा एसटीनंही नको.

तिसरा टप्पा: गोळ्या घड्याळ बघून

पहिले तीन ते पाच दिवस वेदनाशामक गोळ्या "लागेल तेव्हा" नाहीत, वेळेवर घ्यायच्या. एका कागदावर वेळा लिहा, तो भिंतीवर चिकटवा आणि घेतलेल्या गोळीपुढे खूण करा.

पॅरासिटामॉल हा पाया. मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर कधीच नाही. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेत असाल तर मर्यादा याहून कमी. ती डॉक्टर सांगतील. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या सूज आणि ठणका दोन्ही उतरवतात, पण त्या जेवणानंतरच घ्यायच्या. मूत्रपिंड, अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांतलं काही असेल तर विचारल्याशिवाय नाहीत.

सावध: बाजारातल्या कितीतरी गोळ्यांत अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असतं. कार्डावरची गोळी चालू असताना "ताप आल्यासारखं वाटतंय" म्हणून घरातली दुसरी घेतली, तर पॅरासिटामॉल नकळत दुप्पट होतं. नाव बघू नका, पाकिटावरचे घटक वाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या.

ट्रामाडॉलसारखी जोरदार गोळी दिली असेल तर ती दुखणं थांबवते, पण मळही घट्ट करते, आणि गुंगी आणते. ती घ्यायची असेल त्या दिवसांत मळ मऊ करणारं औषध चुकवायचं नाही आणि गाडी चालवायची नाही. मेट्रोनिडाझोल लिहिलं असेल तर ते संपेपर्यंत आणि नंतरचे दोन-तीन दिवस दारू पूर्ण बंद.

मलमांबद्दल थोडं. आतला स्नायू आखडून राहतो, त्यानं बरीच कळ येते. तो सैल करायला कधी डिल्टियाझेमचं मलम देतात. ते बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं घेऊन कडेला हलकेच लावायचं, आत खुपसायचं नाही. लावल्यावर डोकं दुखलं किंवा गरगरलं तर सांगा. ऑपरेशनच्या आधी वापरत होता ती मूळव्याधीची जुनी ट्यूब मात्र बाजूला ठेवा. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं, ते ताज्या जखमेवर नको.

रात्री कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. बसायला सपाट मऊ उशी बरी. मधे भोक असलेली गोल उशी पुष्कळ जण आणतात, पण तिच्यात भोवतालचा भाग ताणला जातो आणि मधला लोंबकळून सुजतो. माझ्या मते ते पैसे वाचवा.

चौथा टप्पा: पहिली शौच

सगळी भीती याच एका गोष्टीची असते. "सिस्टर, जेवलोच न्हाई, म्हंजे परसाकडं जायलाच नको," असं सांगणारे पेशंट कमी नाहीत. उपाशी राहिलं तरी आतडं मळ तयार करतच राहतं. फक्त तो कमी, कोरडा आणि कडक होतो, आणि आत जितका थांबेल तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं. टाळलेली शौच दुसऱ्या दिवशी जास्त फाडते.

पहिली शौच बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होते. तिची तयारी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून.

लॅक्टुलोजसारखं पातळ औषध काम करायला एक ते दोन दिवस घेतं. ते खाणं सुरू झालं की लगेच घ्यायला लागायचं. चौथ्या दिवशी पोट अडल्यावर सुरू केलं तर असर पाचव्या-सहाव्या दिवशी, आणि मधल्या वेळेत माणूस कुंथत बसतो. इसबगोलचंही तसंच: एक-दोन चमचे भरपूर पाण्यात मिसळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक ग्लास पाणी. कमी पाण्यात घेतलेलं इसबगोल आतमध्ये गोळा होऊन बसतं आणि त्रास वाढवतं.

आता शौचाची वेळ. क्रम असा:

1. नाश्त्याच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळीची वेळ येईल असं वेळापत्रक लावा. उपाशीपोटी चालत नाही अशी गोळी असेल तर दोन बिस्किटं किंवा केळं खाऊन घ्या.

2. कोमट पाणी प्या आणि नाश्ता करा. पोटात अन्न गेलं की आतडं हलतं, त्यामुळे खाल्ल्यावर वीस-तीस मिनिटांत कळ येण्याची शक्यता जास्त.

3. कळ आली की जा. रोखू नका. कळ नसताना "बघू प्रयत्न करून" म्हणूनही बसू नका.

4. बधिर करणारी जेली लिहिली असेल तर पाच-दहा मिनिटं आधी कडेला लावा.

5. कमोडवर बसून पाय स्टुलावर, गुडघे कमरेपेक्षा वर, अंग किंचित पुढे, कोपरं मांड्यांवर.

6. श्वास रोखून जोर करायचा नाही. तोंड उघडं ठेवून हळूहळू श्वास सोडा आणि पोट सैल सोडा. जबडा आवळला की खालचंही आवळतं, हे करून बघा.

7. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाइल बाहेर ठेवा. बसून राहिलं की त्या भागात रक्त साचतं आणि सूज वाढते.

8. धुताना कोमट पाणी मगानं हळू ओता. जेट असेल तर जोर अगदी कमी. साबण नको, बोटानं घासणं नको. लगेच टबात बसा.

पहिल्या वेळी कळ येणार, जळजळ होणार, पॅनमध्ये थोडं लाल दिसणार. काचेचे तुकडे जात असल्यासारखं वाटलं असं अनेक जण सांगतात. ती कळ पुढे अर्धा-एक तास राहते आणि पाण्यात बसल्यावर उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला ती कमी झालेली जाणवते.

सावध: एरंडेल, सोनामुखीचं कडक चूर्ण, दुकानातला एनिमा, यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाण्यासारखे जुलाबही ताज्या जखमेला कडक मळाइतकेच वाईट. भगभग थांबत नाही. जुलाब व्हायला लागले तर आधी पातळ औषध कमी करा आणि फोन करा. तंबाखूची चिमूट किंवा मिश्री लावल्याशिवाय परसाकडे होत नाही अशी सवय असेल तर ती सोडायला यापेक्षा चांगली वेळ नाही. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो.

तपासा: तीन दिवस पूर्ण झाले, शौच नाही, पोट फुगलंय किंवा मळमळतंय, तर चौथ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

पाचवा टप्पा: कोमट पाण्यात बसणं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीनं केला जाणारा उपाय. उघड्या ऑपरेशननंतर सहसा दुसऱ्या दिवशी, ड्रेसिंग निघाल्यावर सुरू करतात. दिवसातून दोन-तीन वेळा आणि प्रत्येक शौचानंतर, दहा ते पंधरा मिनिटं.

पाणी कोमटच. आपल्याकडे बंबातलं कढत पाणी ओतून "शेक चांगला बसतो" म्हणतात. या जागी शेक द्यायचा नाहीये. मनगटाची आतली बाजू किंवा कोपर बुडवून बघा, सुखद वाटलं पाहिजे. गरम पाण्यानं सूज वाढते, चक्कर येते, आणि अर्धवट बधिर कातडी भाजते.

पाण्यात काय घालायचं? काही नाही. डेटॉल, तुरटी, हळद, मीठ, कडुलिंबाचा काढा हे सगळं लोक घालतात. उघड्या मांसाला डेटॉलनं आग होते आणि ती नाजूक नवी त्वचा जळते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं एखादं औषध असेल तर तेवढंच, सांगितलेल्या प्रमाणात.

जमिनीवरच्या टबात बसून उठणं वयस्कर माणसाला जमत नाही, त्यांना कमोडवरचं भांडं द्या किंवा कोमट पाण्याची हलकी धार सोडा. पहिल्यांदा बसताना बाथरूमची कडी लावू नका, कुणीतरी दाराबाहेर थांबा.

नंतर टिपून कोरडं करा. पुसायचं नाही, टिपायचं. मग स्वच्छ पॅड. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमट चड्डी घालण्यापेक्षा जास्तीचे जोड ठेवा किंवा इस्त्री फिरवून घ्या.

पिवळसर, चिकट पाणी तीन-चार आठवडे येतं. ते पू नव्हे. कडेला सुजलेला कोंब हाताला लागतो आणि "मोड परत आले" असं वाटतं; बहुतेक वेळा ती सूज असते आणि काही आठवड्यांत बसते. टाक्याचा धागा पॅडवर दिसला तरी घाबरू नका, ते विरघळणारे असतात. ओढू मात्र नका.

सहावा टप्पा: ताटात काय

कोल्हापूरच्या माणसाला इथे सगळ्यात अवघड जातं. तांबडा रस्सा, मिसळ, ठेचा, कांदा-लसूण मसाला हे किमान तीन-चार आठवडे बंद. तिखट जसं तोंडाला लागतं तसंच बाहेर पडतानाही लागतं. "पांढरा रस्सा तर चालेल की?" हा प्रश्न हमखास येतो. पांढऱ्यातही मिरी आणि मसाला असतोच, आणि मटणात चोथा अजिबात नसतो. तोही नको.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. घरचे मायेनं आठवडाभर फक्त पेज, दूधभात, साबुदाणा आणि ब्रेड देतात. हलकं म्हणून दिलेलं हे अन्न मळ घट्ट करतं. चोथा हवाच, दिवसाला 25 ते 30 ग्रॅम, पण एका दिवसात एकदम वाढवायचा नाही, नाहीतर पोट फुगतं.

ज्वारीची भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून, बिनतिखटाची मुगाची आमटी, दोडका, दुधी, लाल भोपळा, पडवळ, शिजवलेला पालक, भाज्या घातलेला दलिया, नाचणीचं आंबील, पिकलेली पपई, पिकलेलं केळं, रात्री भिजवलेले मनुके किंवा अंजीर. वर चमचाभर तूप चालेल. पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. मधुमेह असेल तर केळी, मनुके, अंजीर विचारून, आणि साखर वेळच्या वेळी तपासून. साखर वाढलेली असताना जखम भरत नाही.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन पोट साफ होतं असं पुष्कळांचं मत आहे. या दिवसांत दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधानं पोट बिघडलं तर जुलाबांचा त्रास नेमका जखमेला होईल.

कधी थांबायचं नाही

खालचं काहीही दिसलं तर रात्र असो वा सण, दवाखाना गाठा:

- पॅड तासाभरात भिजतोय, रक्ताच्या गाठी पडतायत, किंवा शौच नसतानाही रक्त थेंब-थेंब चालू आहे
- चक्कर, घाम, अंग गार पडणं
- ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर, थंडी वाजणं
- लघवी अडकणं
- कमी होत आलेलं दुखणं परत वाढत जाणं, घाण वासाचा पू

रक्त किती आहे हे पॅनमधल्या किंवा टबातल्या पाण्यावरून ठरवू नका. चमचाभर रक्तानंही सगळं पाणी लाल दिसतं. अंग टिपून नवा पॅड लावा, डाव्या कुशीवर आडवे व्हा आणि पॅड बघा. तो भरभर भिजत असेल तर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरा, काही खाऊ-पिऊ नका, कारण परत भूल द्यावी लागू शकते, आणि 108 ला फोन करा. फाइल आणि चालू गोळ्या सोबत घ्या. आपले डॉक्टर भेटत नसतील तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो.

रबर बँड लावलेल्यांसाठी वेगळी सूचना: ताप, वाढती कळ आणि लघवी अडकणं हे तिन्ही एकत्र आलं तर तो गंभीर संसर्ग असू शकतो. क्वचित होतो, पण झाला तर तास मोजके असतात. "छोटीच तर प्रोसिजर होती" म्हणून घरी थांबू नका.

सातवा टप्पा: फसवा दुसरा आठवडा

सातव्या-आठव्या दिवशी माणूस हसत ड्रेसिंगला येतो. ठणका उतरलेला असतो, दोनदा शौच बरी झालेली असते. मग इसबगोल बंद होतं, एखाद्या लग्नात रस्सा चाखला जातो, जोतिबाला किंवा नृसिंहवाडीला जाऊन येऊ असं ठरतं.

नेमक्या याच काळात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, जखमेवरची खपली सुटते आणि उशिराचा रक्तस्राव व्हायचा तर तेव्हा होतो. थोडं रक्त बऱ्याच जणांना दिसतं, जास्त क्वचितच होतं. पण त्या वेळी तुम्ही घाटात किंवा शेतावर एकटे असू नये. दुसरा आठवडा संपेपर्यंत तासाभरात दवाखाना गाठता येईल एवढ्याच अंतरात राहा. वेदनाशामक गोळ्या कमी करत न्या, मळ मऊ करणारं औषध मात्र चालूच ठेवा. चालणं वाढवा, रंकाळ्यावर सकाळी सपाट वाटेनं अर्धा तास, मधे थांबत.

आठवा टप्पा: काम, गाडी, तालीम

बसून करायचं काम असेल तर दर अर्ध्या-पाऊण तासानं उठा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात बारा तास उभं राहून वजन उचलायचं काम असेल तर तीन-चार आठवड्यांआधी जाऊ नका, आणि डॉक्टरांकडून हलक्या कामाचं पत्र घ्या. 5 किलोच्या वर काही उचलायचं नाही: गॅसची टाकी, पाण्याची घागर, पोतं, उसाची मोळी, आणि नातवंडही. घरातल्या बाईला हे सांगितलं जातं, पण घागर दुसरं कुणी भरत नाही. घरच्यांनी हे वाचावं.

चारचाकी तेव्हाच, जेव्हा गुंगीची गोळी बंद असेल आणि अचानक ब्रेक दाबताना कळ येणार नाही. दुचाकी दोन-तीन आठवडे नको. खड्ड्यातला एक दणका पुरतो. जोर, बैठका, कुस्ती, जिममधली वजनं सहा आठवड्यांनंतर आणि तपासणी झाल्यावरच. वस्तादांना स्पष्ट सांगा, "थोडं थोडं" करू नका.

नववा टप्पा: शेवटची तपासणी चुकवू नका

बरं वाटलं की लोक परत येत नाहीत. तरी एकदा या, आणि हे विचारा. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट घ्या. मळाची धार आता पेन्सिलीसारखी बारीक झाली आहे का, हे सांगा. जखम भरताना वाट आखडू शकते आणि लवकर कळलं तर सोप्या उपायानं सुटते. वारा किंवा चिकट पाणी रोखता येत नसेल तर तेही सांगायला लाजू नका. पहिले काही आठवडे असं होऊ शकतं, पण टिकलं तर बघायला हवं.

वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल किंवा वजन घटत असेल, तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली आहे का, हे विचारा. शौचातून जाणारं सगळंच रक्त मूळव्याधीचं नसतं, आणि मोड काढल्यानंतरही रक्त येत राहिलं तर "असंच असतंय" म्हणून सोडू नका.

इसबगोल किती दिवस चालू ठेवायचं, तेही याच भेटीत ठरवून घ्या. जखम पूर्ण भरेपर्यंत तरी बहुतेकांना ते घ्यावंच लागतं.